फिरतीवरच्या मुलांचें औषधपाणी

नेवाशाचें नांव घेतलें कीं मराठी मनापुढें प्रवरेचा कांठ, मोहिनीराजाचें देऊळ आणि ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असें परंपरा मानते तो पैसाचा खांब, हीं चित्रें उभीं राहतात. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, हा त्या ग्रंथाचा काळ. परंतु या गांवाच्या कीर्तीला दुसरीहि एक बाजू आहे. ग्रंथ सिद्ध होण्यापूर्वीं तेथें येऊन पोंचलीं तीं आईबापांवांचून पोरकीं झालेलीं चार भावंडें होतीं. आळंदीनें त्यांना दूर ठेविलें होतें. शुद्धिपत्रासाठीं त्यांना पैठणची वाट धरावी लागली होती. आणि तेथून परततांना तीं नेवाशास राहिलीं, असें परंपरा सांगते. फिरतीवर असलेल्या लेंकरांना थारा देणारें गांव, ही नेवाशाची फार जुनी ओळख आहे.

आजहि दरवर्षीं या तालुक्यांत फिरतीं मुलें येतात. दसरा-दिवाळी उलगडली, कारखान्यांचे बॉयलर पेटले, कीं भेंडे येथील ज्ञानेश्वर आणि सोनई येथील मुळा या दोन सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरांत ऊंसतोडणीच्या टोळ्या उतरूं लागतात. कोणी पाथर्डीकडून, कोणी बीड जिल्ह्यांतील आष्टी, पाटोदा, शिरूर, गेवराई या बाजूनें. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीवर बाजरीचीं पोतीं, भांडींकुंडीं, पत्र्याची पेटी, एखादी शेळी, डालग्यांतल्या कोंबड्या, आणि या सर्वांच्या वर बसलेलीं मुलें. कांहीं अंगावर पिणारीं, कांहीं नुकतीं चालूं लागलेलीं, कांहीं शाळेचें दप्तर गांवीं ठेवून आलेलीं.

या प्रवासांत प्रत्येक गोष्टीची मोजदाद होते. मुकादम कोयते मोजतो. नवराबायको मिळून एक कोयता, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, असा हा हिशेब आहे. हंगामापूर्वीं दिलेली उचल मोजलेली असते. बैलगाडी असेल तर बैल मोजलेले असतात. तोडलेला ऊंस काट्यावर टनांत मोजला जातो. ज्या दिवशीं काम पडेल त्या दिवसाचा खाडाहि मोजला जातो. या सबंध हिशेबांत मूल मात्र कोठेंच येत नाहीं. कोयता दोघांचा, पण ट्रॉलीतून उतरतात तीं चार किंवा पांच माणसें. वरच्या दोघांतिघांची नोंद कोणत्याहि वहींत नसते, आणि त्यांच्या आजारपणाचा सारा प्रश्न या न झालेल्या नोंदींतून सुरू होतो.

तळावरचें जीवन कसें असतें हें शहरांतील घरांस फारसें ठाऊक नसतें. बांबूच्या कामट्या, पाचट आणि ताडपत्री यांची कोपी उभी राहते. तिच्यांत ताठ उभें राहतां येत नाहीं. दार म्हणजे वाकून आंत जाण्याएवढी जागा. चूल आंत, नाहीं तर दाराशींच. पहांटेच्या काळोखांत बाई उठते, भाकरी भाजते, आणि उजाडण्यापूर्वीं जोडपें फडांत पोंचलेलें असतें. पुरुष तोडतो, बाई वाढें सोलते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडींत चढविते. गाडी रात्रीं आली तर भरणीहि रात्रीं. तान्हें मूल बांधावरच्या झाडाला टांगलेल्या झोळींत असतें, आणि त्याला राखावयास सातआठ वर्षांची बहीण असते. त्या बहिणीलाहि कोणी राखावें अशा वयाची ती असते, हें मात्र कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

मुलाच्या अंगांत ताप भरला तर काय होतें? आईला तें सकाळींच कळतें. पण तिनें दवाखान्याची वाट धरली कीं अर्धा कोयता थांबतो, आणि अर्धा कोयता थांबला कीं दुसरा अर्धाहि नीट चालत नाहीं. घेतलेली उचल फिटावयाची असते. दवाखाना कोठें आहे, तेथें कोणत्या वारीं डॉक्टर बसतात, हें परक्या गांवांत ठाऊक नसतें. म्हणून ताप संध्याकाळपर्यंत थांबविला जातो, संध्याकाळी जवळच्या दुकानांतून गोळी येते, आणि पुष्कळदां तिसऱ्या दिवशीं मूल दवाखान्यांत पोंचतें तेव्हां पहिल्या दिवशीं जें सहज साधलें असतें तें कठीण होऊन बसलेलें असतें.

हा प्रश्न केवळ नेवाशाचा नाहीं. पोटासाठीं किंवा जिवाच्या भयानें माणसें आपलें गांव सोडतात तेथें मुलांच्या वाट्यास हीच अवस्था येते. आणि तिचें अत्यंत तीव्र रूप देशांच्या सीमांवर दिसतें. अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर दरसाल हजारों कुटुंबें सरकारी ताब्यांत घेतलीं जातात. आईबापांवांचून आलेल्या मुलास सीमारक्षकांनीं सामान्यतः ७२ तासांच्या आंत बालकल्याणाच्या व्यवस्थेकडे सोंपवावें, असा तेथील कायदा २००८ सालापासून आहे. डिसेंबर २०१८ मध्यें ग्वातेमालाहून आलेलीं सात व आठ वर्षांचीं दोन मुलें त्या ताब्यांत असतां एकाच महिन्यांत दगावलीं, तेव्हां ताब्यांतील मुलांची वैद्यकीय तपासणी करण्याची आज्ञा निघाली. तरीहि मे २०२३ मध्यें टेक्सासमधील हार्लिंजन येथें आठ वर्षांची एक मुलगी गेली. तिला जन्मापासून हृदयाचा विकार होता आणि सिकलसेल हा रक्ताचा आजारहि होता. कोठडींत तिला इन्फ्लुएंझा झाला. आठवडाभराच्या त्या वास्तव्यांत आईनें तिला पुनःपुन्हां तपासणीस नेलें, रुग्णवाहिका मागितली, जुन्या आजाराचे कागद पुढें केले. ते कागद तेथील परिचारिकेनें पाहिले नाहींत आणि रुग्णवाहिकेची विनंति तीनचार वेळां नाकारली, ही गोष्ट त्या खात्याच्या स्वतःच्या चौकशींतच नमूद झाली आहे.

या घटनेंतून निघणारा बोध एका देशापुरता नाहीं. औषध नव्हतें असें नव्हे. डॉक्टर नव्हते असेंहि नव्हे. माहिती होती ती आईच्या हातीं, आणि अधिकार होता तो दुसऱ्याच्या हातीं. या दोहोंची गांठ पडली नाहीं.

नेवाशाच्या तळावर तारेचें कुंपण नाहीं, पहारा नाहीं. तेथील टोळीस कैदेची उपमा देणें अन्यायाचें होईल. तरीहि मुलाच्या दृष्टीनें पाहिलें तर तीन गोष्टी दोन्हींकडे सारख्या आहेत. मूल स्वतःच्या इच्छेनें आलेलें नसतें. त्याच्या आईबापांचे हात मोकळे नसतात. आणि ज्याच्या जागेवर तें राहतें त्याला वाटत असतें कीं हें मूल आपलें नव्हे, थोड्या दिवसांचें पाहुणें आहे. सीमेवरचा अधिकारी म्हणतो, आपल्याकडे हें तीन दिवस. तळावरचा माणूस म्हणतो, आपल्याकडे हें पांच महिने. परंतु मुलाच्या शरीराला या मुदती कळत नाहींत.

तळावर मुलें आजारी पडतात तीं कोणत्या कारणांनीं, हें एकदां नीट समजून घेतलें म्हणजे उपायहि आपोआप दिसूं लागतात.

पहिलें कारण पाणी. पिण्याचें पाणी पाटाचें, शेततळ्याचें किंवा टँकरचें. सांठवण उघड्या पिंपांत. शौचासाठीं आडोसा ऊंसाचाच, आणि तोडणी पुढें सरकते तसा तोहि जातो. त्यामुळें जुलाब ही नित्याची गोष्ट. जुलाबांत मूल जातें तें जंतूंपेक्षां अधिक पाण्याच्या अभावानें. शरीरांतील पाणी आणि क्षार इतक्या वेगानें बाहेर पडतात कीं लहान मूल एका दिवसांत कोमेजतें; डोळे खोल जातात, टाळू बसते, चिमटीनें उचललेली पोटाची कातडी सावकाश खालीं बसते. येथें औषध म्हणजे पाणीच. पण साखर व मीठ योग्य प्रमाणांत मिसळलेलें पाणी. आंतड्याला नुसतें मीठ नीट शोषून घेतां येत नाहीं. साखरेबरोबर मात्र तें शोषलें जातें आणि त्याच्या मागोमाग पाणीहि आंत येतें.

या ज्ञानाची मोठी कसोटी लागली ती एका सीमेवरच. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून लाखों निर्वासित भारतांत आले. पश्चिम बंगालच्या बनगांव येथें छावण्यांत पटकी उसळली. शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें. रुग्णांना खाटा उरल्या नाहींत, ते जमिनीवर निजले होते. डॉ. दिलीप महालनबिस या तरुण डॉक्टरांनीं तेव्हां ग्लुकोज, मीठ व सोडा यांच्या पुड्या बांधविल्या, पिंपांत पाण्यांत त्या कालविल्या, आणि तें पाणी पाजण्याचें काम रुग्णांच्या आयांवर व नातलगांवर सोंपविलें. ज्या छावणींत शेंकडा ३० रुग्ण मरत होते तेथें त्यांच्या देखरेखीखालीं हें प्रमाण शेंकडा ४ च्याहि खालीं आलें. पुढें जगभर पोंचलेली ओ. आर. एस. ची पुडी ती हीच. महालनबिस २०२२ सालीं वारले; त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालें. बनगांवच्या अनुभवाचें मर्म पुडींत आहे तितकेंच दुसऱ्या गोष्टींतहि आहे: डॉक्टरांनीं आईवर विश्वास ठेविला. हार्लिंजनमध्यें जें घडलें नाहीं तें येथें बावन्न वर्षांपूर्वीं घडलें होतें.

नेवाशाच्या तळावर हें ज्ञान पोंचविण्यास फारसा खर्च नाहीं. पुडी आरोग्यकेंद्रांत व आशा कार्यकर्तीकडे फुकट मिळते. ती एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सबंधच्या सबंध घालावयाची. अर्धी पुडी अर्ध्या पाण्यांत असा अंदाज करावयाचा नाहीं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यांत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. त्याबरोबर १४ दिवस झिंकची गोळी, आणि अंगावरचें दूध अखंड चालू. जो हात दिवसाकांठीं गाड्याच्या गाड्या ऊंस तोडतो त्याच्या कोपींत सहा चमचे साखर आणि तिचा हा उपयोग, दोन्ही असावयास हवींत.

दुसरें कारण धूर, थंडी आणि दाटी. पौष-माघाच्या रात्रीं कोपींत गारठा शिरतो, चुलीचा धूर बाहेर जात नाहीं, आणि पांचसहा माणसें एकत्र निजतात. त्यांतून न्युमोनिया होतो. तो ओळखण्यास यंत्र लागत नाहीं, घड्याळ लागतें. मूल शांत असतांना एक मिनिटभर त्याचे श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पांच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले तर तें दवाखान्याचें काम आहे. श्वास घेतांना बरगड्यांच्या खालचा भाग आंत ओढला जात असेल तर त्याच घटकेला.

तिसरें कारण चुकलेली लस. तोडणीचें पंचांग आणि लसीचें पंचांग हीं एकमेकांना छेदतात. माघांत, म्हणजे फेब्रुवारींत, तळावर जन्मलेलें एक मूल कल्पावें. त्याची जन्माच्या वेळची लस कोठें टोंचावयाची हेंच ठरलेलें नसतें. दीड महिन्याची लस येते मार्चअखेर, तळावरच. अडीच महिन्यांची येते एप्रिलअखेर, परतीच्या धांदलींत. साडेतीन महिन्यांची गांवीं पडते. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस येते नोव्हेंबरांत, आणि तेव्हां टोळी पुन्हां गांव सोडून निघालेली असते. आई हलगर्जी करीत नाहीं. तिचें वर्षच असें दोन ठिकाणीं फाटलेलें असतें. गोवर हा अतिशय वेगानें पसरणारा रोग आहे. जेथें लस नाहीं तेथें एक रोगी बारा ते अठरा जणांना तो देऊं शकतो, आणि त्याला आवर घालावयाचा तर शंभरांतील ९५ मुलांना लशीचे दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. २०२२ सालच्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी भागांत, भिवंडींत आणि मालेगांवांत गोवराची जी साथ आली तिनें हेंच दाखवून दिलें कीं चुकलेल्या लशींची सांठ झाली कीं साथ एके दिवशीं दार ठोठावते.

चौथें कारण अन्न. आणि तें पहिल्या तिहींच्या मुळाशीं आहे. आई दिवसभर फडांत; पाळण्यांतल्या मुलाला वेळेवर दूध नाहीं; सहा महिन्यांनंतर जें मऊ अन्न दिवसांतून तीनचार वेळां भरवावें लागतें तें भरविणार कोण? बहिणीच्या हातचा भाकरीचा तुकडा आणि चोखावयास ऊंसाचें कांडें, यावर दिवस निघतो. मूल हळुहळू वाळतें आणि तें रोजच्या पाहण्यांत असल्यामुळें कोणाला जाणवत नाहीं. सहा महिने ते पांच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर मोजण्याची एक रंगीत पट्टी असते. घेर १२.५ सेंटिमीटरांहून कमी असेल तर काळजी, ११.५ हून कमी असेल तर तीव्र कुपोषण. अशा मुलाला साधा जुलाब किंवा साधा खोकलाहि पेलत नाहीं. त्याच्यासाठीं पोषण पुनर्वसन केंद्रें आहेत, तेथें आईसह सुमारें दोन आठवडे राहावें लागतें. आणि येथेंच गाडा अडतो. दोन आठवडे आई गेली तर कोयता मोडला. म्हणून बरें करणारें केंद्र असूनहि मूल तेथें जात नाहीं. उपचार आहे, उपचार घेण्याची मोकळीक नाहीं.

कोणी म्हणेल, छावणीचें व तळाचें जिणें असेंच असावयाचें. पण महाराष्ट्राच्याच भूमीवर याच्या उलट उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धांत सोव्हिएत प्रदेशांत हद्दपार झालेल्या पोलिश कुटुंबांपैकीं कांहीं इराणमार्गें, कांहीं अश्काबादहून खुष्कीच्या वाटेनें भारतांत आलीं. १९४२ सालीं आलेल्या पहिल्या मुलांना मुंबईस वांद्र्याला कांहीं महिने विश्रांतीसाठीं ठेवून, अंगावर मांस चढल्यावर, मग काठेवाडांत नवानगरच्या जामसाहेबांच्या आश्रयास बालाचडी येथें नेलें. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडे येथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची, मुख्यतः स्त्रिया व मुलें यांची, वसाहत होती. तिला स्वतःचें रुग्णालय होतें, शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होतें. क्षयाची बाधा झालेल्यांसाठीं पांचगणीची हवा होती. तीं मुलें परक्या देशाचीं, परक्या भाषेचीं. परंतु आल्या दिवशीं त्यांची नोंद झाली होती. प्रत्येकाला नांव होतें, पत्ता होता, आणि आजारी पडलें तर कोणाकडे न्यावयाचें हें ठरलेलें होतें. बीडचें मूल नेवाशास येतें तें याच भाषेचें, शेजारच्याच जिल्ह्याचें. वळिवड्यास जें साधलें तें येथें साधणार नाहीं असें म्हणण्यास आधार नाहीं.

कायद्यानें आणि योजनांनीं कांहींच केलें नाहीं असेंहि नव्हे. अंगणवाड्या १९७५ पासून आहेत. वीटभट्ट्या, बांधकामें, फिरत्या वस्त्या येथील सुटलेल्या मुलांना गांठण्यासाठीं डिसेंबर २०१४ मध्यें मिशन इंद्रधनुष सुरू झालें. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. ऊंसतोड कामगारांसाठीं राज्यानें गोपीनाथराव मुंडे यांच्या नांवानें महामंडळ स्थापिलें, आणि मुलांनीं शाळा न सोडतां गांवींच राहावें म्हणून संत भगवानबाबांच्या नांवाचीं वसतिगृहें काढलीं. शाळेच्या वयाच्या मुलांना हा चांगला आधार आहे. पण अंगावर पिणारें मूल वसतिगृहांत राहत नाहीं. तें आईच्या कडेवरच फडांत येतें. आणि व्यवस्थेची गांठ सुटते ती नेमकी त्याच्यापाशीं. त्याचें नांव बीडच्या अंगणवाडीच्या पटावर असतें आणि तें स्वतः नेवाशाच्या तळावर असतें. दोन जिल्ह्यांच्या मधल्या सीमेवर नाका नाहीं, शिपाई नाहीं. माणसें, बैल, ट्रॅक्टर सारें सहज पलीकडे येतें. अडतो तो फक्त मुलाचा कागद.

तळावर आलेली आशा विचारते, “बाळाचं कार्ड हाय का, बाई?” आणि आई म्हणते, “गांवाकडंच राह्यलं बगा ताई, पेटींत.” मग कोणती लस झाली आणि कोणती राहिली हें अंदाजानें ठरवावें लागतें. पुष्कळदां मूल तसेंच पुढच्या महिन्यावर टाकलें जातें, आणि पुढच्या महिन्यांत टोळी दुसऱ्या तळावर गेलेली असते.

म्हणून उपायांचा क्रम लावावयाचा तर तो औषधापासून लावतां येत नाहीं. तीन साध्या गोष्टींपासून लावावा लागतो.

पहिली गोष्ट, टोळी उतरल्यापासून पहिल्या आठवड्यांत मुलांची मोजणी. जेथें कोयत्यांची यादी होते तेथेंच मुलांची यादी व्हावी: नांव, वय, दंडाचा घेर, झालेल्या लशी, आणि आईला विचारलेला एक प्रश्न, “याला पूर्वीपासून कांहीं आजार आहे का?” हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सिकलसेल, हृदयाचें छिद्र, फेंफरें, दमा, हीं तपासणीच्या टेबलावर क्षणांत दिसत नाहींत. तीं आईला माहीत असतात.

दुसरी गोष्ट, मुलाबरोबर फिरणारा कागद. माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून आईच्या हातीं द्यावें आणि गांव सोडतांना तें शिधापत्रिकेइतकें जपून न्यावें, हें गांवच्या अंगणवाडी सेविकेनें दसऱ्यापूर्वींच बजावलें पाहिजे. संगणकावर नोंदी आल्या आहेत त्या चांगल्याच. परंतु तळावर रात्रीं दहा वाजतां मूल निपचित पडतें तेव्हां डॉक्टरांच्या हातीं लागतो तो कागदच.

तिसरी गोष्ट, जाण्याची मोकळीक. मूल पीत नाहीं किंवा अंगावर घेत नाहीं, प्यालेलें सारें ओकून टाकतें, आंकडी येते, हांक मारली तरी जागें होत नाहीं. या चारांपैकीं एकहि खूण दिसली तर आईनें कोणाची परवानगी न मागतां निघावें, १०८ ला कोणीहि फोन करावा, आणि त्या दिवसाचा खाडा धरूं नये, असा नियम मुकादमाच्या तोंडपाठ असावा. कुपोषित मुलाबरोबर केंद्रांत राहणाऱ्या आईच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई तिच्या हातीं वेळेवर पडली तरच तो कोयता तग धरील.

यावर आक्षेप येतो तो जबाबदारीचा. कारखाना म्हणतो, करार मुकादमाशीं आहे. मुकादम म्हणतो, काम दोघांचें घेतलें, मुलें त्यांचीं तींच आणतात. येथील आरोग्यखातें म्हणतें, नोंद बीडची. तेथील म्हणतें, मुलें गांवांत नाहींत. कोण्या एका कारखान्याचा किंवा कोण्या एका कचेरीचा हा दोष नव्हे. सबंध राज्यांत ही रीत अशीच पडून गेली आहे. प्रत्येकाचें म्हणणें कागदोपत्रीं खरें असतें, आणि या चार खऱ्या उत्तरांच्या मध्यें मूल उपचाराविना राहतें. आईबापांनीं मुलें आणूं नयेत, असें सांगणें सोपें. पण तान्ह्याला मागें ठेवावयास ज्याच्या घरीं म्हातारें माणूस उरलेलें नाहीं त्यानें काय करावें? जो कोणी आईबापांचे हात कामाला किंवा कायद्याला बांधून घेतो त्याच्यावर त्या हातांनीं होणाऱ्या मुलाच्या सेवेचा भार येतो. सीमेवर तो सरकारवर येतो. तळावर तो कारखाना, मुकादम आणि आरोग्यखातें या तिघांवर मिळून येतो. तिघांचा म्हणून तो कोणाचाच नाहीं, असें मात्र होतां कामा नये.

आणि त्यांत एक चौथा वांटेकरीहि आहे. पुण्या-मुंबईच्या घरांत सकाळच्या चहांत पडणारी साखर कोठल्या तरी फडांतून आलेली असते, आणि त्या फडाच्या बांधावर एक झोळी टांगलेली असते. ती साखर खाऊं नये, असें कोणी म्हणत नाहीं. तिच्यावरच तर त्या झोळींतल्या मुलाचें पोट आहे. परंतु शहरांतील सुशिक्षित माणूस सहकारी संस्थांचा सभासद असतो, डॉक्टर असतो, शिक्षक असतो, अधिकारी असतो, वर्तमानपत्राचा वाचक असतो. गाळपाचे आंकडे दर हंगामांत छापले जातात. त्यांच्या शेजारीं “तळावरचीं मुलें इतकीं, लस पुरी झालेलीं इतकीं” असा एक रकाना त्यानें मागितला, तर तो भरण्याची जबाबदारी कोणाला तरी घ्यावी लागेल.

चैत्र संपत आला कीं नेवाशाच्या तळांवरच्या कोप्या मोडल्या जातात. पाचट उडून जातें, चुलींचे दगड उरतात. उचलीचा हिशेब होतो. कोणाचे पैसे फिटले, कोणाकडे राहिले, हें वहींत उतरतें आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत जपून ठेवलें जातें. ट्रॉल्या पुन्हां भरतात. वर तींच पोतीं, तीच पेटी, आणि तींच मुलें, पांच महिन्यांनीं मोठीं झालेलीं. त्या वेळीं प्रत्येक आईच्या बोचक्यांत एका पिशवींत तिच्या मुलाचें कार्ड असावें, त्यावर नेवाशास टोंचलेल्या लशीची तारीख आणि मोजलेल्या दंडाचा आंकडा असावा, आणि गांवच्या अंगणवाडींत तें वाचलें जावें. सातशें वर्षांपूर्वीं नेवाशानें चार पोरक्या भावंडांना थारा दिला तेव्हां तीं कोण होणार आहेत हें त्याला ठाऊक नव्हतें. आज ट्रॉलीवर बसून येणारें मूल पुढें कोण होईल हेंहि कोणास ठाऊक नाहीं. तें जगलें पाहिजे, एवढें मात्र ठाऊक आहे. आणि त्यासाठीं लागतें तें सारें नेवाशाच्या आवांक्यांतलें आहे.